आधारवरचं नाव दुरुस्त करताय? आधी ‘बाळासो’ की ‘बाळासाहेब’ ते ठरवा

आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. त्यातली एक संधी घाईत स्पेलिंग सांगून वाया गेली, की पुढच्या वेळी जीव मुठीत धरून केंद्रावर जावं लागतं. म्हणून नाव घरीच ठरवा आणि कागदावर इंग्रजीत व मराठीत सुवाच्य लिहून न्या.

आपल्या कोल्हापूर भागात सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘सो’चा, म्हणजे ‘साहेब’च्या छोट्या रूपाचा. सातबाऱ्यावर बाळासो, शाळेच्या दाखल्यावर बाळासाहेब, बँकेत नुसतंच बाळू. गावात तिन्ही नावांनी एकच माणूस ओळखला जातो, पण कॉम्प्युटरला ती तीन माणसं वाटतात. शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधारवरचं नाव सातबाऱ्यावरच्या नावाशी पडताळलं जातं आणि नेमकं तिथंच गाडं अडतं. आप्पासो, आण्णासो, दादासो, सगळ्यांचं हेच. अशा वेळी जो कागद बदलून घेणं सर्वांत अवघड, त्यावरचं नाव कायम धरा. शिकलेल्यांसाठी तो दहावीचं प्रमाणपत्र. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बहुधा सातबारा.

दुसरी अडचण उच्चाराची. ऑपरेटर नाव इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी नाव कॉम्प्युटर त्यावरून स्वतः तयार करतो. इंग्रजीत त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांना वेगळी अक्षरं नाहीत. त्यामुळे के-एच-ओ-टी लिहिलं की ‘खोत’चं ‘खोट’ होऊ शकतं. ‘काळे’चं ‘काले’, ‘माळी’चं ‘माली’, ‘पन्हाळा’चं ‘पन्हाला’. इंग्रजी ओळ बरोबर दिसली म्हणून मान डोलावू नका. स्क्रीनवरची मराठी ओळ अक्षर न अक्षर वाचा आणि चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करायला सांगा. ते ऑपरेटरला करता येतं. मागं रांग आहे म्हणून तो घाई करेल, तरी सही करू नका. वाचता न येणाऱ्या आजीआजोबांबरोबर वाचता येणारं कुणीतरी जायलाच हवं.

नावाचा क्रमही बघा. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं. तसंच उतरवून दिलं, तर पुढं पॅन किंवा पासपोर्टच्या अर्जात आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव जाऊन बसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव असं सांगा. श्री, सौ, डॉ काही लावायचं नाही.

कागदपत्रांत मूळ कागदच लागतो, कारण तोच स्कॅन होतो. झेरॉक्स चालत नाही. पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी ज्यावर तुम्हाला हवं तेच स्पेलिंग आहे, तो न्या. खरी गोम इथंच आहे: कित्येकांच्या सगळ्याच कागदांवर चुकीचं नाव असतं. मग आधी मतदार ओळखपत्र दुरुस्त करा. त्यासाठी नमुना 8 भरायचा, त्याला पैसे पडत नाहीत. वेळ जाईल, पण चुकीच्या कागदावर आधारचा अर्ज टाकून तो फेटाळून घेण्यापेक्षा हे बरं.

लग्नानंतर आडनाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, लग्नपत्रिका उपयोगाची नाही. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात महापालिकेत. सासरी पहिलं नावही बदललं असेल, तर एवढ्यानं भागत नाही. राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावं लागतं आणि जुन्या नावाचा पुरावाही जोडावा लागतो. नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मुलींना आधीच कुणीतरी सांगायला हवं. माहेरचं नाव ठेवलं तर या सगळ्या फेऱ्या वाचतात.

आधारवरचं नाव दुरुस्त करायचं शुल्क 75 रुपये. ते पावतीवर छापलेलं असतं, वर एक रुपयाही देऊ नका. जास्त मागितले तर आधारच्या 1947 या हेल्पलाइनवर तक्रार करा. पावती जपून ठेवा, अर्ज कुठवर आलाय ते तिच्यावरच्या क्रमांकानं कळतं. नवं आधार आलं तरी बँकेतलं, रेशनकार्डावरचं नाव आपोआप बदलत नाही. तिथं केवायसी पुन्हा करावीच लागते, आणि अनुदानाचा हप्ता यायच्या आधी ती केलेली बरी.