सशुल्क ॲपचे स्थलांतर

पैसे मोजून घेतलेले ॲप नव्या स्मार्टफोनवर पुन्हा मिळवण्याची पद्धत. स्थलांतर हा शब्द रूढ असला, तरी ॲप एका फोनमधून दुसऱ्यात जात नाही. खरेदीची नोंद गूगल किंवा ॲपल खात्यावर असते. फोन किंवा सिमकार्डाशी तिचा संबंध नसतो. त्याच खात्याने लॉगिन केल्यावर ॲप पुन्हा पैसे न भरता डाउनलोड होते. ब्लूटूथने जुन्या फोनवरून पाठवलेली एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप इंस्टॉल करण्याची फाइल) मात्र बहुधा परवाना तपासणीत अडकते.

सर्वाधिक घोटाळा खात्याचाच होतो. दुकानात नवा फोन चालू करताना जुन्या जीमेलचा पासवर्ड आठवत नाही, म्हणून काउंटरवरच नवा आयडी काढला जातो. घरी येऊन प्ले स्टोअर उघडावे, तर विकत घेतलेल्या ॲपच्या पानावर ‘इंस्टॉल करा’ऐवजी पुन्हा किंमत! ते बटण अजिबात दाबू नये. फोनच्या सेटिंग्जमध्ये जुने खातेही जोडावे आणि प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातील प्रोफाइल चित्रावरून ते निवडावे. किंमत जाऊन इंस्टॉलचे बटण येते. दोन खात्यांवरील खरेदी एकत्र करता येत नाही. चुकून दुसऱ्यांदा पैसे गेलेच, तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागावा.

ॲपच्या आतील खरेदीचे नियम वेगळे. जाहिराती काढणे, प्रो आवृत्ती अशी कायमची खरेदी आयफोनवर ॲपमधील ‘रिस्टोअर पर्चेसेस’ (खरेदी परत मिळवा) या बटणाने परत येते. गेममधील नाणी सहसा खेळाचे स्वतंत्र लॉगिन असेल तरच टिकतात.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना सशुल्क ॲप सहसा पुन्हा विकत घ्यावे लागते. प्ले स्टोअरवरचे सबस्क्रिप्शन तिथेच जाऊन रद्द करावे. ॲप काढून टाकल्याने दर महिन्याचे पैसे कापणे थांबत नाही.

फार जुनी ॲप खरेदीची नोंद असूनही चालत नाहीत. २०१७ च्या आयओएस ११ (आयफोनची कार्यप्रणाली) पासून ३२-बिट, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवलेली ॲप बंद झाली. अँड्रॉइड ६ च्या आधीच्या आवृत्त्यांसाठी बनवलेली ॲप अँड्रॉइड १४ इंस्टॉलच करू देत नाही.

ॲप आले म्हणजे त्यातील माहिती आली असे नाही. अँड्रॉइडचा स्वयंचलित बॅकअप प्रत्येक ॲपमागे २५ एमबीपर्यंतच असतो आणि काही ॲप तो मुळातच नाकारतात. म्हणून हिशेबाच्या किंवा नोंदवहीच्या ॲपमधून आधी फाइल एक्स्पोर्ट करून ठेवावी, नव्या फोनवर ती उघडून पाहावी आणि मगच जुना फोन रिसेट करावा. जुना फोन ५७ दिवस वापरलाच नाही, तर त्याचा बॅकअपही पुसला जाऊ शकतो.