नागिणीचं तोंड शेपटीला का मिळत नाही

उजव्या कुशीत चार दिवस नुसती आगआग. सदऱ्याचं कापड घासलं तरी सहन होत नाही. बीड-लातूरकडं अशा वेळी आधी मुतखड्याची शंका येते. दुखणं डावीकडं असेल तर हृदयाची. पाचव्या दिवशी लाल चट्ट्यावर पाणी भरलेल्या फोडांचे घोस उठतात, पाठीपासून बरगडीच्या कडेनं पोटाकडं सरकतात आणि घरातलं जाणतं माणूस सांगतं, ‘नागीण हाय.’ निदान बहुतेक वेळा बरोबरच असतं. पुढचं वाक्य मात्र चूक: वेढा पुरा झाला, तोंड शेपटीला मिळालं, की माणूस गेला.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या आणणारा व्हॅरिसेला-झोस्टर विषाणू खपल्या पडल्यावरही शरीरातच राहतो. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून तो उलटा प्रवास करत कण्यालगत पोचतो. कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात आणि प्रत्येकाच्या मुळाशी संवेदना वाहणाऱ्या पेशींची एक गाठ असते. या पेशींच्या केंद्रकात विषाणूचा डीएनए वर्षानुवर्षं जवळजवळ गप्प पडून राहतो, कारण टी-पेशींची, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गस्त असते. वय, मधुमेह, स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा एचआयव्हीमुळं गस्त ढिली पडली, की बहुधा एकाच गाठीतला विषाणू जागा होतो. तिथं त्याच्या प्रती निघतात, गाठ सुजते, म्हणून फोडांच्या आधी आग होते. मग या प्रती तंतूच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांवरून त्वचेकडं उतरतात.

आता खरी गंमत. प्रत्येक तंतूचा त्वचेवरचा पट्टा ठरलेला असतो. छातीच्या दहाव्या जोडीचा पट्टा बेंबीच्या पातळीवर येतो. डाव्या तंतूची हद्द पोटाच्या मध्यरेषेशी संपते. बांधापलीकडचं शेत दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असतं, तसा उजवा भाग दुसऱ्या गाठीचा. म्हणून नागीण बेंबीपाशी थांबते. प्रतिकारशक्ती फारच खालावली असेल तर अंगभर फोड येतात. तेव्हा धोका खरा असतो, पण तो फुप्फुस, मेंदू, यकृतात विषाणू पोचल्याचा. अशा रुग्णाला दवाखान्यात दाखलच करावं लागतं.

कांजिण्यांचाच विषाणू दबा धरून बसतो आणि पुन्हा उठतो, ही मांडणी इंग्लंडमधल्या सायरनसेस्टरच्या होप-सिम्पसन या साध्या जनरल प्रॅक्टिशनरनं १९६५ साली केली, आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून.

काव लावून, मंत्र टाकून नागीण ‘उतरते’, कारण फोड दोन ते चार आठवड्यांत तसेही सुकतात. त्या खटाटोपात औषध सुरू करायचे, फोड उठल्यापासूनचे पहिले ७२ तास मात्र हातचे जातात. अॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध विषाणूच्याच एका एन्झाइममुळं कामाला लागतं आणि नव्या प्रती थांबवतं; झालेली इजा ते भरून काढत नाही. प्रौढाला ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, ७ दिवस: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. गोळी ४०० ची असेल तर एका वेळी दोन. ही ४०० ची गोळी ‘सकाळ-दुपार-रात्र एकेक’ घेतली की डोस निम्म्याहून कमी पडतो, ही नेहमीची चूक. मलम गोळीची जागा घेत नाही. पाणी भरपूर प्यावं. मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. फुटलेल्या फोडांवर काव-पाला चोळला की त्यात पू होऊ शकतो.

फोड गेल्यावरही तीन महिन्यांहून जास्त ठणका राहिला तर तो तंतूचा असतो. साध्या वेदनाशामकांनी तो फारसा हटत नाही. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन लागतं.

खपली धरेपर्यंत फोडातल्या पाण्यातून संसर्ग होतो. कांजिण्या न झालेल्या माणसाला त्यातून नागीण नव्हे, कांजिण्या होतात. म्हणून पट्टा स्वच्छ सुती कापडानं झाकावा. गरोदर बाई आणि तान्हं बाळ लांब ठेवावं.

कपाळावर नागीण आली तर नाकाचा शेंडा बघा. शेंड्याला आणि बुबुळाच्या पारदर्शक पटलाला एकाच तंतूच्या फांद्या जातात. तिथं एक जरी फोड दिसला तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा, डोळा लाल झाला नसला तरी.