शिक्षा, अवकाश आणि जुलैतली सावली

इंदूरच्या मराठी घरातलं मूल हिंदी शाळेत जायला लागतं, तेव्हा 'शिक्षा' हा शब्द त्याला दोनदा शिकावा लागतो. घरी शिक्षा म्हणजे कोपऱ्यात उभं राहणं, शाळेत शिक्षा म्हणजे शिक्षण. आजोबांच्या मराठी मासिकात 'अवकाश' म्हणजे ग्रहताऱ्यांची पोकळी, शाळेच्या सूचनाफलकावर 'अवकाश' म्हणजे सुट्टी. पुस्तकात 'आयतन' असतं आणि रात्री आई समजावताना 'घनफळ' म्हणते. मुलं हे निमूटपणे निभावून नेतात. पण या मेहनतीला अभ्यासक्रमात जागा नाही, आणि मला ते खटकतं.

अभ्यासक्रम म्हटला की आपल्याला पुस्तक आठवतं. संशोधक मात्र तीन अभ्यासक्रम वेगळे धरतात: कागदावर ठरलेला, वर्गात प्रत्यक्ष शिकवला गेलेला आणि मुलाच्या डोक्यात उतरलेला. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जाताना बरंच काही गळतं आणि बरंच काही नव्याने येऊन मिळतं: घरची भाषा, गावचा बाजार, शिक्षकाचा स्वभाव.

बाजाराचंच घ्या. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचे तोंडी हिशेब 98 टक्के बरोबर आले. त्याच प्रकारची निव्वळ आकडेमोड कागदावर दिली, तेव्हा जेमतेम 37 टक्के. मुलं तीच, पण कागदावरच्या गणितातून गिऱ्हाईक आणि नारळ गायब झाले होते. राजवाड्याजवळ वडिलांच्या ठेल्यावर सुट्टे पैसे मोजून देणारं पोर वर्गात गणिताला घाबरतं, तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

शिक्षकाच्या हातात किती असतं, हे आपल्याच राज्याने दाखवून दिलं आहे. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. 1982 पासून एकलव्य संस्थेने पुढे नेला. मुलं टोळ्या करून प्रयोग करत, निरीक्षणं स्वतः लिहीत. फूल उकलायला बाभळीचा काटा चालत असे. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेता येई, कारण प्रश्न पाठांतराचे नसतच.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती शिक्षकांची मासिक बैठक. कुठला प्रयोग फसला, कुठला प्रश्न मुलांना कळलाच नाही, हे शिक्षक तिथे मांडत, आणि त्यांच्या अनुभवावरून पुस्तक बदलत असे. खेड्यातल्या मास्तरांच्या शब्दाला पुस्तक लिहिणाऱ्यांच्या लेखी किंमत होती! हा कार्यक्रम वाढत 15 जिल्ह्यांतल्या हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोचला. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्याची हळहळ मला अजून वाटते.

एकच पुस्तक सगळ्या राज्याला पुरत नाही, हे सूर्यही सांगतो. कर्कवृत्त साधारण 23.4 अंशांवर आहे. इंदूर 22.7 अंशांवर, म्हणजे त्याच्या दक्षिणेला. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा, 7 जून आणि 6 जुलैच्या आसपास, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ग्वाल्हेर 26.2 अंशांवर असल्यामुळे तिथे हे कधीच घडत नाही. जूनच्या त्या दिवशी आपल्या शाळा बंद असतात, आणि जुलैत बहुधा ढग. त्यामुळे हा पाठ चुकतो तो चुकतोच.

यंदा 6 जुलैला ऊन पडलंच, तर साडेबाराच्या आधीपासून अंगणात मीटरभराची सरळ काठी ओळंब्यात उभी करून ठेवा. ग्वाल्हेरला मामेभाऊ असेल तर त्यालाही फोन लावा. त्याच्या काठीची सावली, सगळ्यात आखूड होईल तेव्हाही, सहाएक सेंटिमीटर भरेल. तुमची बुंध्याशीच संपलेली असेल. दोघांनी आपापल्या वहीत आकडे लिहा आणि सोमवारी बाईंना दाखवा.