बटाव्हियाच्या चिनी समाजाचे दफ्तर लायडनला: कोंग कोआन संग्रहाची पार्श्वभूमी

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘कोंग कोआन’ नावाचा एक दफ्तरसंग्रह आहे. आजच्या जकार्ताचे डच अमलातले नाव बटाव्हिया. तेथील चिनी रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे हे कागद आहेत. त्यात लग्नाच्या नोंदी, काडीमोड, उधारीचे तंटे, कबरींच्या जागा, देवळांचे हिशेब आणि शाळेचा खर्च सापडतो. परदेशी वसलेल्या चिनी समाजांविषयी जगभर कागद पुष्कळ आहेत, पण त्यांतले बहुतेक सरकारने ठेवलेले असतात: कराच्या याद्या, बंदरावरच्या नोंदी, पोलिसांचे अहवाल. इथे समाजाच्याच कारकुनांनी आपल्याच लिपीत, आपल्या माणसांबद्दल दीडशे वर्षांहून अधिक काळ लिहिले आहे. हे दफ्तर कुठे सुरू होते, कुठे तुटते आणि कुठे थांबते, याला दर वेळी राजकीय किंवा कायदेशीर कारण आहे. ते माहीत नसले तर अभ्यासक हमखास चुकीचा निष्कर्ष काढतो.

वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीनेच १६१९ मध्ये जकार्ता जिंकून बटाव्हिया वसवले. गव्हर्नर जनरल यान पीटरसोन कून याला शहर उभे करायला कारागीर, कोळी, माळी आणि व्यापारी हवे होते, आणि ही सगळी कामे करणारे चिनी लोक जावामध्ये आधीपासून होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सो बिंग कोंग याला चिन्यांचा कॅप्टन नेमण्यात आले. कॅप्टनने आपल्या लोकांचे किरकोळ तंटे मिटवायचे, डोईपट्टी गोळा करायची आणि सरकारचे हुकूम लोकांपर्यंत पोचवायचे, अशी वाटणी होती. फौजदारी गुन्हे मात्र डच न्यायालयाकडेच राहिले. या वाटणीमुळे खून-दरोड्यांचे खटले कोंग कोआनच्या वह्यांत सहसा मिळत नाहीत. ते शोधायचे तर डच दफ्तरांकडे जावे लागते.

पहिल्या सव्वाशे वर्षांत अनेक कॅप्टन झाले, पण त्यांच्या कारभाराचे कागद या संग्रहात नाहीत. या काळाच्या अखेरीस १७४० ची कत्तल आहे. शहराबाहेरच्या उसाच्या घाण्यांवर हजारो चिनी मजूर राबत होते. साखरेचा बाजार बसला, मजूर बेकार झाले आणि सरकारने ‘संशयित’ चिन्यांना पकडून सिलोनला पाठवण्याचा हुकूम काढला. जहाजावर चढवलेल्यांना भर समुद्रात फेकून देतात, अशी वार्ता पसरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घाण्यांवरच्या मजुरांनी उठाव केला आणि ९ ऑक्टोबरपासून शहरात घरोघरी चिन्यांना मारण्यात आले. मृतांचा आकडा साधारणपणे दहा हजारांच्या घरात धरतात. तेव्हाचा कॅप्टन नी हू कोंग याच्यावर खटला चालला आणि त्याला अंबोन बेटावर हद्दपार केले गेले. उरलेल्या चिन्यांना तटाबाहेर ग्लोडोक भागात वसवण्यात आले. जकार्ताचा ‘चायनाटाउन’ आजही तिथेच आहे.

मंडळाची स्थापना १७४२ ची मानतात. दंगलीनंतर सरकारला एकट्या कॅप्टनवर विसंबायचे नव्हते, आणि चिनी समाजालाही आपले गाऱ्हाणे ऐकणारे बसते कार्यालय हवे होते. कॅप्टन, त्याच्या हाताखाली लेफ्टनंट, वारसाहक्काचे काम पाहणारे अधिकारी, चिनी चिटणीस आणि निरोपे असा हा सरंजाम होता. पुढे शहर वाढले तसा मान वाढला आणि १८३७ मध्ये तान एंग गोआन हे बटाव्हियाचे पहिले चिनी मेजर झाले. कॅप्टन काय किंवा मेजर काय, या पदव्यांना फौजेशी काही देणेघेणे नव्हते.

स्थापना १७४२ ची असली तरी हाती लागणारे सर्वांत जुने कागद १७७० च्या दशकातल्या लग्ननोंदींचे आहेत, आणि बैठकींची इतिवृत्ते १७८७ पासून मिळतात. मधल्या काळात काम झाले नाही असे नाही. वह्या टिकल्या नाहीत. पुढे मात्र सातत्य थक्क करणारे आहे. कंपनी बुडाली, १८११ ते १८१६ इंग्रजांचा अंमल येऊन गेला, डच सरकार परत आले. मंडळ मात्र चालूच राहिले.

संग्रहाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ही इतिवृत्ते. नोंदीची घडण ठरलेली असते. आधी चिनी तारीख, मग हजर अधिकाऱ्यांची नावे, त्यानंतर वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे म्हणणे, अधिकाऱ्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे, शेवटी निकाल किंवा डच न्यायालयाला द्यायचा अभिप्राय. प्रश्नोत्तरे जवळजवळ बोलल्यासारखी उतरवलेली असल्यामुळे एरवी इतिहासात ज्यांचा आवाजच येत नाही अशी माणसे इथे बोलतात. फेरीवाला उधारीबद्दल बोलतो, नवऱ्याने टाकलेली बायको पोटगी मागते, सासू सुनेबद्दल तक्रार करते. काडीमोडाचा अर्ज बायकांकडूनही येत असे, आणि त्या काय कारणे सांगत हे वाचल्यावर चिनी कुटुंबाबद्दलची ठोकळेबाज चित्रे टिकत नाहीत. माझ्या मते या एका गोष्टीसाठीसुद्धा हा संग्रह जपणे सार्थ आहे.

लग्ननोंदींचा उपयोग वेगळा. वधूवरांची नावे, वये, राहण्याचे ठिकाण, दोन्हीकडचे यजमान आणि मध्यस्थ एवढे एका नोंदीत मिळते. फुजियान प्रांतातून, मुख्यतः श्यामेन बंदरातून, जहाजे ईशान्य मोसमी वाऱ्यावर वर्षाच्या सुरुवातीला येत आणि जून-जुलैच्या सुमारास परतत. त्यांतून येणारे बहुतेक पुरुषच असत. त्यांनी स्थानिक बायका केल्या, आणि त्यातून मलायू (मलय भाषा) बोलणारा, चिनी रीतिभाती पाळणारा ‘पेरानाकान’ समाज तयार झाला. ही प्रक्रिया एकेका घरापर्यंत जाऊन पाहायची तर या वह्यांना पर्याय नाही.

कबरींच्या नोंदीही तितक्याच कामाच्या आहेत. मंडळ जमिनी विकत घेऊन स्मशाने चालवी, त्यातल्या जागा विके आणि निराधारांना मूठमाती देई. जागेची विक्री हे उत्पन्नाचे मोठे साधन असल्याने हिशेब काटेकोर ठेवले आहेत. शिवाय लग्न सगळ्यांचे होत नाही, मरण सगळ्यांना असते. त्यामुळे लग्ननोंदीत न सापडणारे एकटे मजूर इथे भेटतात.

हे कागद वाचताना अडचणी ठरलेल्या आहेत, आणि पहिली भाषेची. लिपी चिनी असली तरी चिटणीस होक्किएन (दक्षिण फुजियानची बोली) बोलणारे होते, आणि डच व मलायू शब्द ते चिनी अक्षरांत आवाजावरून लिहीत. लेफ्टनंटसाठी वापरलेली तीन अक्षरे मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, ‘लेइ-झेन-लान’ अशी वाचली तर काहीच बोध होत नाही. होक्किएनमध्ये ‘लुइ-तिन-लान’ म्हटले की डच शब्द कानाला लगेच कळतो. गावांची नावे, नाणी, डच अधिकाऱ्यांची नावे सगळी अशीच आहेत. उत्तम अभिजात चिनी येणारा वाचकही होक्किएन, थोडी मलायू आणि थोडी डच यांच्याशिवाय पहिल्याच पानावर अडतो.

दुसरी अडचण तारखांची. वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचे असते. दाओग्वांग सम्राटाचे पहिले वर्ष १८२१, म्हणून त्याचे २३ वे वर्ष म्हणजे १८४३, हा हिशेब सोपा वाटतो. पण चिनी वर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत बदलते. त्यामुळे २३ व्या वर्षाच्या बाराव्या महिन्यातली नोंद बहुतांशी १८४४ ची असते. शिवाय आपल्या पंचांगासारखा तिथेही अधिक मास येतो, आणि तो विसरला की पुढची प्रत्येक तारीख महिन्याने सरकते. नुसत्या वजाबाकीवर न थांबता रूपांतराचे कोष्टक जवळ ठेवावे. नोंदीत पाश्चात्य तारीखही असेल तर ती आधी ताडून पाहावी. वयाचेही असेच. चिनी मोजणीत जन्मताच वय एक धरतात आणि प्रत्येक नववर्षाला एक वाढवतात. नोंदीतले १८ म्हणजे आपल्या हिशेबाने १६ किंवा १७.

तिसरी अडचण नावांची, आणि वंशज शोध घेतात तेव्हा सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. मँडरिनमधले ‘चेन’ होक्किएनमध्ये ‘तान’, ‘ह्वांग’ असेल तर ‘उई’. हीच नावे डच कागदांत डच वर्णलेखनाने येतात, जिथे ‘ऊ’साठी ओ-ई आणि ‘च’साठी टी-जे लिहितात. पेरानाकान बायकांच्या नावाअखेर ‘न्यो’ असते. ते आदरार्थी पद आहे, आडनाव समजू नये. त्यात १९६६ नंतर इंडोनेशियन सरकारने चिनी वंशाच्या नागरिकांना इंडोनेशियन वळणाची नावे घ्यायला लावली. त्यामुळे आजच्या नावाने या दफ्तरात काहीच सापडत नाही. शोधाचा क्रम उलटा लावावा लागतो. घरातल्या वृद्धांकडून किंवा थडग्यावरच्या लेखातून जुने नाव चिनी अक्षरांत मिळवायचे, होक्किएन उच्चार ठरवायचा, लग्नाचे अंदाजे वर्ष काढायचे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन वर्षांच्या वह्या पाहायच्या. अक्षरे हाती नसतील तर नुसत्या ‘तान’वरून शोधण्यात अर्थ नाही, कारण फुजियानमध्ये हे आडनाव अतिशय सामान्य आहे.

लग्ननोंदी १९१९ मध्ये थांबतात, आणि याचे कारण कायद्यात आहे. त्या वर्षीच्या १ मेपासून जावातील चिन्यांना डच कौटुंबिक कायदा आणि सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी लागू झाली. व्यापारी व्यवहारांना युरोपीय कायदा तर १८५५ पासूनच लागू होता. एकीकडे चिनी शाळा, वृत्तपत्रे आणि नव्या संघटना उभ्या राहत होत्या. १९०० मध्ये स्थापन झालेल्या तिओंग होआ ह्वे कोआनने तर चिनी मुलांसाठी आधुनिक शिक्षण सुरू केले. सरकारने नेमलेल्या मेजर-कॅप्टनांचे वजन त्यामुळे घटत गेले. इतिवृत्ते चिनीतून मलायूकडे वळली. १९१९ नंतर बटाव्हियात चिन्यांची लग्ने कमी झाली, असा अर्थ कोणी काढला तर तो सरळ चुकीचा आहे. लग्ने सरकारी वहीत गेली.

शेवटचे मेजर खो किम आन. १९४२ मध्ये जपानी आले, त्यांनी खो यांना कैदेत टाकले आणि १९४५ मध्ये छावणीतच त्यांचा अंत झाला. स्वातंत्र्यानंतर मंडळाकडे स्मशाने आणि देवळे एवढेच उरले, तरी १९७० च्या दशकापर्यंतचे कागद संग्रहात आहेत. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत मात्र दफ्तराचे खरे हाल झाले. १९६७ च्या आदेशाने चिनी सण आणि विधी सार्वजनिकरीत्या पाळायला मनाई झाली, चिनी अक्षरांत छापण्यावर बंधने आली, शाळा बंद पडल्या. चिनी वाचता येणारी पिढी संपत चालली आणि जुन्या वह्या सांभाळणे हेच जोखमीचे काम झाले. हा आदेश पुढचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० मध्ये रद्द केला.

१९९० च्या दशकात इतिहासकार लेओनार्ड ब्लुसे यांच्या पुढाकाराने दफ्तर लायडनला गेले. लायडनच का, याचे उत्तर जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बटाव्हियाच्या डच सरकारात चिनी वाचणारा अधिकारी नव्हता. मंडळाचे चिटणीस सांगतील ते खरे. दुभाषे तयार करण्यासाठी लायडनमध्ये चिनीचे शिक्षण सुरू झाले. बटाव्हियात दुभाष्याचे काम केलेले गुस्ताफ श्लेगेल १८७७ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. म्हणजे या मंडळाचे कागद वाचण्याची गरज हे लायडनच्या चिनी अभ्यासाचे एक मूळच आहे. जकार्ताच्या समाजाचे दफ्तर जुन्या राज्यकर्त्यांच्या देशात असावे का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण मे १९९८ च्या दंगलीत ग्लोडोक जळाला, आणि मार्च २०१५ मध्ये तिथले सर्वांत जुने चिनी देऊळ आगीत सापडले, हेही नजरेआड करता येत नाही.

पुढचे काम चीनमधल्या श्यामेन विद्यापीठाबरोबर झाले, कारण होक्किएनचे वाचक तिथे आहेत. चिनी इतिवृत्तांची टिपांसह मालिका २००२ पासून छापली गेली आणि १५ खंडांत पूर्ण झाली. लायडनने पानांच्या प्रतिमाही डिजिटल संग्रहात ठेवल्या आहेत, त्यामुळे जकार्तातल्या वंशजाला विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. इतिवृत्त आधी छापील खंडात वाचावे, शंकेची अक्षरे मात्र प्रतिमेवरच तपासावीत. लग्न आणि कबरींच्या वह्यांसाठी, तसेच मलायू व डच कागदांसाठी ही मालिका उपयोगी नाही. तिथे मूळ पानच उघडावे लागते.