आसनं तीच, पण फौजीचा योगवर्ग वेगळा

"मॅडम, आमच्या मालकांना रात्रभर झोप नाही. तुमच्या योगाच्या वर्गाला घालू का?" गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडून कोल्हापुरात स्थायिक झालेल्या माजी सैनिकांच्या घरातून हा प्रश्न मला अनेकदा येतो. घाला, असं मी आता लगेच म्हणत नाही. आधी विचारते, झोप लागत नाही की झोपेतून दचकून उठतात? गणपतीत साउंड सिस्टीमचा दणका सुरू झाला की आतल्या खोलीत जाऊन बसतात का? हॉटेलात गेलं की भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड, अशीच जागा धरतात का? उत्तरं 'हो, हो' अशी आली तर सांगते, आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. योग त्याच्या जोडीला करू.

याला डॉक्टर पीटीएसडी (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर) म्हणतात, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये या आजाराला हे नाव दिलं. युद्धावरून घरी आलेल्या माणसाचं शरीर अजून पहाऱ्यावरच असतं. फटाका वाजतो आणि डोक्याला कळायच्या आत छाती धडधडायला लागते. प्रसंग आठवतो एवढ्यावर थांबत नाही, तो आत्ता घडतोय असं अंगाला वाटतं.

आता आपला नेहमीचा योगवर्ग बघा. पहाटे रंकाळ्याकाठी सतरंज्या अंथरलेल्या. शिक्षक पुढे, बाकीचे रांगेत. "डोळे मिटा, श्वास रोखा, आणखी थोडं वाका." कुणाचं चुकलं तर शिक्षक मागून येऊन खांदा दाबतात, कंबर सरळ करतात. मग जोरात कपालभाती, भस्त्रिका, शेवटी शवासन. गुडघे आखडलेल्या, ऑफिसात दिवसभर बसणाऱ्या माणसाला याचा फायदा होतो, मी स्वतः असे वर्ग वर्षानुवर्षं घेतले आहेत.

पीटीएसडी असलेल्या फौजीला मात्र यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट टोचते. डोळे मिटले की आजूबाजूची नजर सुटली. श्वास रोखला की छातीत कोंडल्यासारखं. भस्त्रिकेत श्वास जसा जोरात चालतो, तसाच तो घाबरल्यावरही चालतो, त्यामुळे शरीराला दोन्हीतला फरक लवकर कळत नाही. राष्ट्रीय रायफल्समधून काश्मीरला राहून आलेले एक मेजर (हवालदार असो की सुभेदार, आपण मेजरच म्हणतो) माझ्या वर्गात होते. शवासनात मी दिवे मालवले आणि त्यांचा उचललेला खांदा सैल करायला मागून हात लावला. डोळे उघडायच्या आधीच त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अशी, की बांगडी वाढली. मग भानावर आले, दोन्ही हात जोडले, चप्पल हातात घेऊन निघून गेले. ती चूक माझी होती, आणि ती समजून घेतल्यावर मी माझी पद्धत बदलली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या, मानसिक आघातातून गेलेल्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्रात योगशिक्षक डेव्हिड इमर्सन यांनी अशा लोकांसाठी योगाची वेगळी रीत बसवली. आसनं ओळखीचीच, पण भाषा बदलली. 'हात वर करा' ऐवजी 'वाटलं तर हात वर नेऊन बघा, नको वाटलं तर मांडीवर राहू दे.' डोळे उघडे ठेवायला मोकळीक. शिक्षक स्पर्श करत नाहीत, मागून फिरत नाहीत. लढाईत या माणसाच्या हातात काही उरलं नव्हतं, निदान स्वतःचा हात किती उचलायचा हे तरी त्यानं ठरवावं. मीही आता दिवे लावूनच ठेवते, दार उघडं असतं, भिंतीकडची जागा मागेल त्याला मिळते. श्वास मिनिटाला साधारण सहा, सोडायचा तो घेतल्यापेक्षा लांब. असा संथ श्वास हृदयाची गती उतरवायला मदत करतो.

गुण येतो का? २०१४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रियांवर दहा आठवड्यांचा अभ्यास छापला. शेवटी तपासलेल्यांत योग केलेल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या, योग न केलेल्या गटात अशा २९ पैकी ६. पण त्या स्त्रिया होत्या, सैनिक नव्हेत. २०२० च्या एका अभ्यासात २०९ जण होते, बहुतेक माजी सैनिक. सोळा आठवड्यांनी योगाचा गट योग न केलेल्या गटाच्या पुढे होता, सात महिन्यांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. अमेरिकेच्या सैन्याच्या आणि माजी सैनिक खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत पहिली पसंती आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचारालाच आहे, योगासाठी पुरावा अपुरा म्हटला आहे. मी योग शिकवते आणि तरी हे सांगते, कारण 'योगानं गोळ्या सुटतात' असं कुणी ठणकावून सांगितलं की माझा जीव खाली-वर होतो. या आजारावर देतात त्या सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्या मनानं एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड सुरू होते आणि आजारही उलटू शकतो. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी.

ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर कोल्हापुरातल्या पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मानसोपचाराबद्दल विचारा. तिथवर जायचा संकोच वाटला तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

आणि योगवर्ग शोधताना शिक्षकांना दोन गोष्टी आधीच विचारा : डोळे उघडे ठेवले तर चालेल का? मध्येच उठून बाहेर गेलं तर? 'इथं शिस्त पाळावी लागेल' असं उत्तर आलं, तर मेजरना तिथं घालू नका. शिस्तीत त्यांची आयुष्याची वीस-वीस वर्षं गेली आहेत.