चार जीबीची वेस ओलांडताना

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचं कॅमेरा रेकॉर्डिंग असो की परभणीतल्या लग्नाचा व्हिडिओ, दहा-बारा जीबीची फाइल आता रोजची झाली. फॅट32 पेनड्राइव्हवर ती 4 जीबीला अडते, पण ती त्या फॉरमॅटची मर्यादा. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, हिशेब निराळा.

फाइलच्या सुरुवातीपासून आपण कितव्या बाइटवर आहोत, तो आकडा म्हणजे ऑफसेट. चिन्हासह 32 बिटांत तो जास्तीत जास्त 2,14,74,83,647 होतो, म्हणजे 2 जीबीला एक बाइट कमी. बिनचिन्हाचा असेल तर 4 जीबीला तो विजेच्या जुन्या मीटरसारखा फिरून शून्यावर येतो. लिनक्स आज 64 बिटांचा ऑफसेट वापरतं, तरी 32 बिटांच्या कर्नलमध्ये चूक आत लपू शकते. कर्नल फाइल 4096 बाइटच्या पानांत मोजतं. पान क्रमांक 10,48,576 गुणिले 4096 म्हणजे नेमके 4 जीबी. हा गुणाकार 32 बिटांत उरकून उत्तर नंतर 64 बिटांत ठेवलं, तर हाती शून्य येतं. एरर कुठेच दिसत नाही. भीती त्याचीच.

ही चूक पकडणाऱ्या चाचणीला रिकामी डिस्क लागत नाही. ईएक्सटी4 या लिनक्सच्या डिस्क-फॉरमॅटवर नवी फाइल उघडा, सुरुवातीला ‘99’ लिहा. मग 4,29,49,67,294 वर, वेशीच्या दोन बाइट अलीकडे, उडी मारून ‘1234’ लिहा. मधली जागा पोकळ राहते: लांबी 4,29,49,67,298 बाइट दिसते, डिस्कवर मात्र साधारण 12 केबीच खर्च होतात.

आता तिथूनच वाचून ‘1234’ मिळालं म्हणून थांबू नका. लिहिणं आणि वाचणं दोन्ही सारखंच चुकत असेल, तर उत्तर बरोबरच येणार! फाइलची सुरुवात वाचा. ‘99’ च्या जागी ‘34’ दिसलं, तर वरचे बिट गळाले आणि जुना डेटा पुसला गेला. त्यानंतर डिस्कचा तो विभाग अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून) पुन्हा माउंट करा (जोडा) आणि दोन्ही जागा परत तपासा; नाहीतर तपासणी डिस्कची न होता मेमरीतल्या कॅशची होते.

मोठ्या फाइलची सोय न मागणारा 32 बिटांचा प्रोग्रॅम 2,14,74,83,646 वर चार बाइट लिहू लागला, तर एकच बाइट लिहिला जायला हवा. पुढच्या प्रयत्नाला ‘फाइल फार मोठी’ ही एरर यायला हवी. 4 केबी ब्लॉकच्या (डिस्कवरच्या जागेच्या तुकड्यांच्या) ईएक्सटी4 वर 16 टीबीच्या पलीकडे उडी मारली, तर कर्नलने ती नाकारायला हवी. नाकारली, तर ती पायरी उत्तीर्ण.