महिला गटाची पात्रता : पाच शर्यतींच्या यादीमागचा वाद

सप्टेंबर २०२५पासून जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत महिला गटातून उतरायचे तर एसआरवाय या (सहसा पुरुषांमध्ये असणाऱ्या, वाय गुणसूत्रावरील) जनुकाची चाचणी एकदा द्यावी लागते. बातम्यांमध्ये ती नवी म्हणून आली, पण ती नवी नाही. १९६६मध्ये बुडापेस्टला धावपटूंना डॉक्टरांसमोर विवस्त्र उभे केले गेले, १९६८च्या ऑलिम्पिकपासून गालाच्या आतल्या पेशी घेऊन गुणसूत्रे तपासली जाऊ लागली आणि १९९२मध्ये हेच जनुक शोधणारी चाचणी आली. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ महिलांपैकी ८ जणींची चाचणी सकारात्मक निघाली. पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिले गेले. १९९९मध्ये ही सरसकट चाचणी बंद झाली.

त्यानंतर भर आला टेस्टोस्टेरॉनवर. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या २०११च्या नियमाने महिला खेळाडूंच्या रक्तातील या पुरुषी संप्रेरकाची मर्यादा प्रति लिटर १० नॅनोमोल ठरवली. २०१४मध्ये ओडिशाच्या एका धावपटूला याच नियमाखाली बाहेर ठेवले गेले. औषधे घेऊन शरीर बदलायला तिने नकार दिला आणि थेट स्वित्झर्लंडमधील लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०१५मध्ये नियम स्थगित केला. टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्याच जास्त असलेल्या महिला खेळाडूंना नेमका किती फायदा होतो, याचा पुरावा दोन वर्षांत आणा, असे त्याने संघटनेला सांगितले.

पुढचा सगळा गुंता या दोन वर्षांत तयार झाला.

जुलै २०१७मध्ये एका नामांकित क्रीडावैद्यक नियतकालिकात शोधनिबंध आला. लेखक दोन, आणि दोघेही त्याच संघटनेशी जोडलेले. २०११ आणि २०१३च्या जागतिक स्पर्धांमधील खेळाडूंचे रक्तनमुने आणि त्यांची कामगिरी त्यांनी ताडून पाहिली. महिलांच्या २१ प्रकारांपैकी पाचांत, जास्त मुक्त (प्रथिनांना न जोडलेले) टेस्टोस्टेरॉन असलेला एक तृतीयांश गट कमी असलेल्या एक तृतीयांश गटापेक्षा सरस दिसला. हातोडाफेकीत फरक ४.५३ टक्के, पोल व्हॉल्टमध्ये २.९४, ४०० मीटर अडथळ्यांत २.७८, ४०० मीटरमध्ये २.७३ आणि ८०० मीटरमध्ये १.७८.

एप्रिल २०१८मध्ये नवा नियम आला. मर्यादा ५ नॅनोमोलवर आली आणि नियम ठरावीक शर्यतींनाच लागू झाला. त्या यादीत ४०० मीटर, ४०० मीटर अडथळे, ८०० मीटर, १५०० मीटर आणि एक मैल या शर्यती होत्या. सर्वांत मोठा फरक दिसलेले हातोडाफेक आणि पोल व्हॉल्ट हे प्रकार यादीत नाहीत. ज्यांत असा फरक आढळलाच नव्हता ते १५०० मीटर आणि मैल मात्र आहेत. शास्त्रीय पुरावा म्हणून जे पुढे केले, त्याच्याशीच यादी जुळत नाही, ही गोष्ट साधी नव्हे. दक्षिण आफ्रिकेची ऑलिम्पिक विजेती नेमकी ८०० आणि १५०० मीटर धावत असे, हा योगायोग मानायला अनेक अभ्यासक आजही तयार नाहीत. मलाही ते पटत नाही.

आकडेवारीबद्दलही प्रश्न उठले. २१ प्रकार एकेक करून तपासले तर एखाद्यात निव्वळ योगायोगानेही फरक दिसू शकतो, आणि त्यासाठी लागणारी दुरुस्ती गणितात केलेली नव्हती. तिघा स्वतंत्र संशोधकांनी मूळ आकडे मागितले, तेव्हा जेमतेम पाव भाग हाती आला. त्यांनी निकालपत्रके घेऊन एकेक वेळ पडताळली. काही खेळाडूंची नोंद दोनदा होती, काही वेळा कोणत्याच निकालात सापडत नव्हत्या, उत्तेजकांमुळे बाद झालेल्यांचीही कामगिरी धरलेली होती. तपासलेल्या चार प्रकारांत चुकीच्या नोंदींचे प्रमाण १७ ते ३३ टक्के निघाले. लेखकांनी दोनशेहून अधिक नोंदी वगळून नवे गणित मांडले, निबंध मात्र मागे घेतला नाही.

या दक्षिण आफ्रिकी धावपटूने नियमाला लवादापुढे आव्हान दिले. मे २०१९मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी नियम उचलून धरला. नियम भेदभाव करणारा आहे, पण आवश्यक आहे, असे त्याचे म्हणणे. १५०० मीटर आणि मैलासाठी ठोस पुरावा नसल्याची चिंताही त्याच निकालात नोंदवली आहे. त्या दोन शर्यती तरीही वगळल्या गेल्या नाहीत.

दुसऱ्या बाजूचे संशोधनही आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ४८ निरोगी तरुणींवरील एका प्रयोगात निम्म्यांना दहा आठवडे टेस्टोस्टेरॉनचे मलम दिले, तेव्हा दमेपर्यंत धावण्याची त्यांची क्षमता आठ टक्क्यांच्या आसपास वाढली. पण बाहेरून दिलेले संप्रेरक आणि जन्मापासूनची शरीररचना यांचा परिणाम सारखाच असेल, हे त्यातून सिद्ध होत नाही.

२०२१च्या टोकियो ऑलिम्पिकआधी नामिबियाच्या १८ वर्षांच्या दोन मुलींना ४०० मीटर धावू दिले गेले नाही. २०० मीटर यादीत नव्हती, म्हणून त्या तिथे धावल्या आणि एकीने रौप्य जिंकले. स्पर्धा संपून काही दिवस होत नाहीत तोच २०१७च्या निबंधाला दुरुस्ती जोडली गेली. हा अभ्यास प्राथमिक शोधाच्या स्वरूपाचा होता, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे लेखकांनी तीत मान्य केले. ही कबुली लवादासमोर असती तर दोन विरुद्ध एक हा कौल टिकला असता का, याची चर्चा क्रीडा-कायद्याच्या अभ्यासकांत अजून चालू आहे.

यादी शेवटी २०२३मध्ये संपली, पण सर्वच प्रकार नियमाखाली आणून. मर्यादा ५ वरून २.५ नॅनोमोलवर आली, आणि पातळी सहा महिन्यांऐवजी २४ महिने खाली ठेवण्याची अट लागली. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दक्षिण आफ्रिकी धावपटूच्या बाजूने १५ विरुद्ध २ असा निर्णय दिला. लवादाच्या निकालाविरुद्ध ती स्वित्झर्लंडच्या न्यायालयात गेली होती; त्या न्यायालयाने तिच्या दाव्याची पुरेशी कसून छाननी केली नाही, एवढाच तो मुद्दा होता. नियम योग्य की अयोग्य, यावर युरोपचे न्यायालय बोलले नाही. त्याच महिन्यात नव्या जनुकचाचणीची घोषणा झाली.